बास्केटबॉल की बेसबॉल? नागपूर विद्यापीठातील दोन वाटा

बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांतून शाखा, महाविद्यालय आणि शुल्क यांची चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी पुढे कोणता खेळ खेळणार, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. वस्तुतः पदवीची तीन-चार वर्षे हीच बहुतेकांच्या आयुष्यातील संघटित खेळाची अखेरची मोठी संधी असते. ती कोणत्या खेळाला द्यावी, याचा विचार प्रवेशाच्या वेळीच व्हावयास हवा.

बेसा आणि परिसरातील नव्या वसाहतींतून अनेक मुले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत जातात. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. आज नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. विद्यापीठाच्या संघाची वाट दोन्ही खेळांत सारखीच आहे. प्रथम महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यांतून निवड, सराव शिबिर आणि शेवटी भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. वाट सारखी असली, तरी वाटेवरील गर्दी, खर्च आणि पुढची दारे यांत मोठे अंतर आहे.

पहिले अंतर जागेचे. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. बेसबॉलमध्ये दोन तळांमधील अंतरच सुमारे २७.४३ मीटर असते आणि मोठ्यांच्या सामन्यासाठी फलंदाजापासून सीमेपर्यंत सुमारे शंभर मीटर मोकळी जागा लागते. एकूण जवळजवळ एक हेक्टर. एक हेक्टरच्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडली, तर ती हजार चौरस मीटर होते. तिच्यात बास्केटबॉलचे मैदान सहज बसते, बेसबॉलचे बसत नाही. बेशातील मोकळे भूखंड झपाट्याने भरत असताना या हिशेबाला विशेष अर्थ आहे. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान चिखलाने बंद पडते, तेव्हा बास्केटबॉलचा सराव सिमेंटच्या मैदानावर किंवा छताखाली सुरू राहू शकतो.

दुसरे अंतर साहित्याचे. बास्केटबॉलला एक चेंडू, ३.०५ मीटर उंचीवरील दोन कड्या आणि चांगले बूट पुरेसे होतात. बेसबॉलच्या संघाला क्षेत्ररक्षणातील नऊ जणांसाठी हातमोजे, बॅटी, शिरस्त्राणे आणि झेल घेणाऱ्यासाठी मुखवटा व छातीचे कवच लागते. आपल्या समाजातील कुटुंबांनी येथे आणखी एक गोष्ट पाहावी. बेसबॉलचा प्रचलित चेंडू चामड्याने मढवलेला असतो आणि हातमोजेही बहुधा चामड्याचेच असतात. कृत्रिम पदार्थांचे मोजे मिळतात, परंतु सामन्यातील चेंडू खेळाडूच्या निवडीचा नसतो. बास्केटबॉलमध्ये रबरी व कृत्रिम आवरणाचे चेंडू सर्रास वापरले जातात. अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेने २००६ मध्ये कृत्रिम चेंडू आणला. पण खेळाडूंच्या तक्रारींमुळे २००७ च्या आरंभी चामड्याचा चेंडू परत आला. तेव्हा प्रश्न दोन्हीकडे आहे. प्रमाण मात्र वेगळे आहे. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरांनी सरावाची वेळही आधीच विचारावी, कारण दिव्यांच्या प्रकाशातील बास्केटबॉलचा सराव सूर्यास्तानंतरही चालतो.

तिसरे अंतर संधीचे. बास्केटबॉल १९३६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला होता. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत बास्केटबॉल होता, बेसबॉल नव्हता. बेसबॉल १९९२ मध्ये ऑलिंपिकचा पदकखेळ झाला, २००८ नंतर वगळला गेला, टोकियोत परतला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा आहे. राज्य शासनाच्या सेवेत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र कोणता खेळ आणि कोणत्या पातळीवरील यश ग्राह्य धरले जाते, हे त्या वेळच्या शासननिर्णयात पाहूनच आशा बांधावी.

मग बेसबॉलकडे कोणी वळूच नये काय? तसे नाही. बास्केटबॉलमध्ये शाळेपासून खेळणारे, उंच आणि चपळ स्पर्धक पुष्कळ असतात. बेसबॉलमध्ये उशिरा येणाऱ्यालाही जागा मिळू शकते. क्रिकेटमध्ये तयार झालेला फेकीचा हात आणि झेलण्याची नजर येथे उपयोगी पडते. सॉफ्टबॉलमधून येणे तर अधिकच सोपे. भालाफेकीचा सराव असलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाने करारबद्ध केले, ते त्यांच्या फेकीच्या बळावरच.

स्वभावाचाही विचार व्हावा. बास्केटबॉलमध्ये चोवीस सेकंदांत चेंडू कडीकडे टाकावाच लागतो. चूक झाली तरी दुसऱ्याच क्षणी ती भरून काढता येते आणि बाहेर बसवलेला खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परतत नाही. तेथे दहांपैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम मानला जातो. म्हणजेच सात अपयशे शांतपणे पचवण्याची तयारी लागते.

म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला तीन प्रश्न विचारावेत. या खेळाचा संघ गेल्या वर्षी प्रत्यक्ष स्पर्धेत उतरला होता काय? प्रशिक्षक कोण आहेत? सराव कोठे व किती वाजता होतो? उत्तरे समाधानकारक असतील, तर निवड मुलांवर सोपवावी. आणि वसाहतीतील मोकळ्या जागेचा प्रश्न सभेत येईल, तेव्हा वाहनतळाच्या आधी एका कडीची मागणी करावी. बेसबॉलचे मैदान आपल्याला उभारता येणार नाही, पण ४२० चौरस मीटर राखणे आपल्या हाती आहे. पुढच्या पिढीतील विद्यापीठाचा खेळाडू तेथेच पहिला चेंडू टाकू शकेल.