पुस्तकांना जाब विचारणाऱ्या ताराबाई

मी शेतीखात्यातला माणूस. बी-बियाणे, खते, कीड-रोग हे माझे विषय. एका जुन्या काळातल्या लेखिकेवर मी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. त्याला कारण माझी एक जुनी नोंदवही.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. वऱ्हाडातल्या एका गावी ज्वारीच्या बियाण्याची माहिती घ्यायला गेलो होतो. ओसरीवर घोंगडी टाकली, चहा झाला. बियाण्याची कणसे कशी निवडता, असे मी घरधन्याला विचारले. त्याने आत पाहून हाक दिली, "अवं, सांग ना सायबाले." उंबऱ्याच्या आतून त्या माउलीने सगळे सांगितले. उभ्या पिकातच भरल्या दाण्याची कणसे हेरायची, ती वेगळी खुडायची, कडक वाळवायची, दाणे राखेत घोळून मडक्यात भरायचे, तोंड शेणमातीने लिंपायचे. मी भराभर लिहून घेतले आणि वर नाव टाकले घरधन्याचे! तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. पुढे ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' वाचले, तेव्हा ती नोंदवही डोळ्यांपुढे आली.

ताराबाई बुलढाण्याच्या. जन्म १८५०च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत मोठे कारकून होते आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीच्या हाती पाटी देणे हा त्या काळी गुन्हाच मानला जाई. पण बापूजींनी लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. लग्न झाले, जावई घरीच राहायला आला. मूलबाळ झाले नाही. मराठा घराण्यातली रीत म्हणून बाईने उंबरठ्याबाहेर पडायचे नाही. ताराबाई घरातच राहिल्या, पण मिळतील ती पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचीत राहिल्या.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला दिवस गेले होते. समाजाच्या भीतीने तिने जन्मलेले मूल मारले, असा आरोप होता. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून काळे पाणी झाले आणि नंतर शिक्षा आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ उठला. 'पुणे वैभव' पत्राने तर साऱ्या बायकांच्या वागण्यावरच ताशेरे झोडले. पण ज्या पुरुषापायी तिच्यावर ही वेळ आली, त्याचे नाव कोणी काढीना. आणि विधवेला पुन्हा लग्न करायची बंदी कोणी घातली, हेही कोणी विचारीना.

ताराबाईंनी ते विचारले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे पुस्तक छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. बाई कपटी, बाई चंचल, बाई अविचारी, असे जे दोष बायकांच्या माथी मारले जातात, ते एकेक घेऊन त्यांनी तपासले. हेच दोष पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सवाल. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग नवरा गेल्यावर बाईनेच जन्म कोपऱ्यात का काढावा? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, तसा बायकोसाठी गेलेला एक तरी नवरा दाखवा, असेही त्या विचारतात.

यापुढचे त्यांचे काम मला फार मोलाचे वाटते. बायकांची ही बदनामी येते कुठून, हे त्यांनी शोधले. देवादिकांच्या पोथ्या त्यांनी पाहिल्याच, शिवाय त्या काळी आवडीने वाचल्या जाणाऱ्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या कादंबऱ्या आणि 'मनोरमा' नाटकही तपासले. या गोष्टींतल्या बायका खऱ्याखुऱ्या बायकांसारख्या आहेत काय, की लिहिणाऱ्याच्या डोक्यातून निघालेल्या? लिहिणारे सगळे पुरुष, म्हणून दोष सगळे बाईचे, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या बाया धान्य सुपात घेऊन खडे वेगळे काढतात, तशी ही पाखडणी. पुस्तकात छापले म्हणजे खरे, असे त्यांनी मानले नाही. आज विद्यापीठांत याला स्त्रीवादी समीक्षा म्हणतात. ताराबाईंनी ते काम घरी बसून केले.

पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. चळवळीतल्या काही जणांनाही ते रुचले नाही. महात्मा फुले मात्र उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात त्यांनी टीकाकारांना खडसावले. पण ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिले नाही. १९१०च्या सुमारास त्या वारल्या. पुस्तक लोकांच्या विस्मृतीत गेले. १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले. मधे ९३ वर्षे गेली. १९९४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि बुलढाण्याच्या या बाईचे नाव परदेशातही पोचले.

चांगले बी ९३ वर्षे मडक्यात राहिले तर उगवत नाही. ताराबाईंचे उगवले, हे आपले भाग्य. पण त्यांच्या हातून आणखी जे लिहून झाले असते, ते आपण कायमचे गमावले.

शेतकरी बंधूंनो, ही गोष्ट केवळ शहरातल्या शिकलेल्यांची नाही. आपल्या बोलण्यातही बायकांना नावे ठेवणाऱ्या म्हणी पुष्कळ आहेत. त्या कोणी रचल्या असतील, याचा एकदा विचार करा. शाळेत जाणारी लेक पुस्तकातले काही वाचून "असं का?" म्हणून विचारील, तेव्हा "गप बस" म्हणू नका. बापूजींनी लेकीला गप्प केले असते, तर हे पुस्तक झाले नसते. आणि भगिनींनो, तुम्हांला ठाऊक आहे ते आतून सांगू नका, ओसरीवर येऊन सांगा.

माझ्यापुरते सांगतो. आता बियाण्याची माहिती ज्या बाईने दिली, तिचेच नाव मी वहीत लिहितो. त्या पहिल्या माउलीचे नाव विचारायचे मात्र राहूनच गेले.