अर्धांगवायूनंतर हाताची परीक्षा

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस उठून चालू लागला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. हाताचे विचारले तर "हलतो आता" एवढेच उत्तर मिळते. परंतु हात हलणे वेगळे आणि हाताने काम होणे वेगळे. कोणाचा खांदा उचलतो पण बोटे उघडत नाहीत. कोणाची मूठ वळते पण सुटत नाही. नेमके काय अडते हे कळल्यावाचून योग्य व्यायाम ठरत नाही.

याकरिता रोनाल्ड लायल यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेली परीक्षा आजही वापरली जाते. तिच्यात १९ कामे असून त्यांचे चार भाग आहेत: वस्तू मुठीत धरणे (लाकडी ठोकळे, चेंडू), पकडून फिरवणे (एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतणे), चिमटीत धरणे (गोटी, बारीक छर्रा) आणि हात डोक्यावर, डोक्यामागे व तोंडाशी नेणे. काम मुळीच न जमल्यास ०, अर्धवट जमल्यास १, कष्टाने किंवा फार वेळ घेऊन पुरे झाल्यास २, नीट जमल्यास ३ गुण. एकूण गुण ५७.

ही परीक्षा तज्ज्ञानेच घ्यावी. पण घरीही साधी नोंद ठेवता येते. रुग्णाला पाठ टेकून खुर्चीवर बसवावे व दुखऱ्या हाताने पुढील कामे करून पाहावीत:

१. रिकामा पेला उचलून पुन्हा खाली ठेवणे.
२. एका पेल्यातले थंड पाणी दुसऱ्यात ओतणे.
३. ताटातले चण्याचे दाणे एकेक करून चिमटीने वाटीत टाकणे.
४. सदऱ्याचे बटण लावणे.
५. हात तोंडापर्यंत व डोक्यावर नेणे.

मग डोळे मिटायला सांगून हातात किल्ली किंवा नाणे द्यावे व ओळखायला सांगावे. ओळखता आले नाही तर हाताची जाणीव कमी झाली आहे असे समजावे. अशा हाताला चूल, गरम तवा, विळा व कोयता यांपासून जपावे. भाजले किंवा कापले तरी त्याला कळत नाही.

दर पंधरा दिवसांनी त्याच वस्तू घेऊन, त्याच जागी बसवून ही कामे करवावीत. तारीख व निकाल वहीत लिहावा आणि वही डॉक्टरांना दाखवावी.

पहिल्या तीन दिवसांत बोटे थोडी सरळ होत असतील व हात खांद्यातून बाजूला उचलत असेल, तर पुढे हात कामाला येण्याची आशा मोठी असते. तसे नसले तरी व्यायाम सोडू नये.

रुग्णाला उठवताना दुबळा हात धरून कधीही ओढू नये. खांदा निखळू शकतो. तसेच सारी कामे चांगल्याच हाताने करण्याची सवय लागू देऊ नये. न वापरलेला हात अधिकच दुबळा होतो.

आणि चेहरा वाकडा होणे, हात गळणे किंवा बोबडी वळणे यांतले काही एकाएकी दिसले, तर मालिशवाल्याकडे न जाता लगेच मोठे इस्पितळ गाठावे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.