विश्वचषकाचा खेळ आणि पैजेचा पैसा

दर चार वर्षांनी फुटबॉलच्या विश्वचषकाचे वारे वाहू लागले की आपल्या खेड्यापाड्यांतूनही ब्राझील व अर्जेंटिना यांचे कैवारी उभे राहतात. हा उत्साह निर्मळ आहे. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु त्याच्या आडून पैज घरात शिरू पाहते. म्हणून या स्पर्धेचा इतिहास आणि पैजेचा हिशेब, दोन्ही वाचकांपुढे एकत्र मांडीत आहे.

झूल रिमे या फ्रेंच गृहस्थांच्या खटपटीने ही स्पर्धा १९३० साली उरुग्वे देशात प्रथम भरली. अवघे १३ संघ जमले. फ्रान्स, बेल्जियम व रुमानिया यांचे खेळाडू एकाच आगबोटीने महासागर ओलांडून गेले. अंतिम सामन्यात उरुग्वे व अर्जेंटिना यांचे, चेंडू कोणाचा वापरावा यावरच एकमत होईना. अखेर पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या व उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळण्याचे ठरले. पूर्वार्धात मागे पडलेल्या उरुग्वेने सामना ४-२ असा जिंकला. महायुद्धामुळे १९४२ व १९४६ साली स्पर्धा झाली नाही. २०२२ साली कतारमध्ये ३२ संघ खेळले. २०२६ च्या स्पर्धेसाठी ही संख्या ४८ करण्यात आली.

१९५० च्या स्पर्धेत भारताला प्रवेश मिळाला होता, पण आपला संघ ब्राझीलला गेला नाही. त्या वर्षीच्या निर्णायक सामन्यात यजमान ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. त्याने आधीच्या दोन सामन्यांत स्वीडनवर सात व स्पेनवर सहा गोल चढविले होते. सुमारे पावणेदोन लाख प्रेक्षक विजयोत्सवाच्या तयारीने आले होते. ब्राझीलने पहिला गोलही केला. पण उरुग्वेने २-१ अशी बाजी मारली. ज्याला सारे जग 'नक्की' म्हणते, तेही असे निसटते.

मग पैजेत नक्की काय असते? पैज घेणाऱ्याचा नफा! समजा, दोन तुल्यबळ संघांवर दहा-दहा जणांनी प्रत्येकी १०० रुपये लावले. जमले २,००० रुपये. जिंकणाऱ्या दहा जणांना तो प्रत्येकी २०० नव्हे, तर १९० रुपये देतो. संघ कोणताही जिंको, १०० रुपये त्याच्या गाठीला राहतात. एखादा गडी एकदा जिंकेल. परंतु पुनःपुन्हा खेळणाऱ्यांचा पैसा अखेर त्याच्याच पेटीत जमा होतो.

या पैशाने खेळालाही डाग लागतो. १९८० साली इटलीत पैजेसाठी सामने ठरवून खेळल्याचे प्रकरण उघडकीस आले. पाओलो रोस्सी या खेळाडूवर तीन वर्षांची बंदी आली. पुढे ती दोन वर्षांची झाली. आपण निर्दोष आहोत, असे तो सतत सांगत राहिला. १९८२ साली परत येऊन त्याने सहा गोल केले आणि इटलीने विश्वचषक जिंकला. १९९४ साली कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या २७ वर्षांच्या खेळाडूकडून चेंडू चुकून स्वतःच्याच जाळ्यात गेला. मायदेशी परतल्यावर त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. पैजेत बुडालेल्यांचा त्यामागे हात असावा, असा संशय आजवर व्यक्त होत आला आहे.

पैज मुळातच अन्याय्य आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ म्हणत नाही. परंतु स्वतःच्या व इतरांच्या निर्वाहाला लागणारा पैसा तिच्यात जाऊ लागला की ती अनीती ठरते, आणि तिची चटक माणसाला गुलाम करते, असे तो बजावतो. आता तर अड्ड्यावर जावेही लागत नाही. खिशातला मोबाइलच अड्डा होतो. पैसे लावून खेळावयाच्या अशा ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली केला.

आईबापांनो, मुलांना सामने अवश्य पाहू द्या. शक्य तर त्यांच्याबरोबर बसून पाहा. पण 'दहा रुपयांची गंमत' स्वतः घरात आणू नका. मुलगा तीच उचलतो. आणि कोणी आधीच बुडाला असेल, तर गेलेले भरून काढण्यासाठी त्याने आणखी एक पैज लावू नये. घरच्या माणसांना आजच सारे सांगावे आणि घरच्यांनीही त्याला हिणवू नये. लपविलेले कर्ज वाढत जाते. सांगितलेल्या कर्जाची वाट चार माणसांना मिळून काढता येते.