आपल्या सवयी आणि शेजारी

मुलांनो, जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस आहेत. येथील गावांत काही वाक्ये तुम्ही नेहमी ऐकत असाल. विडी ओढणारे एखादे चाचा म्हणतात, "माझ्या दिवसाला चारच विड्या होतात. शेजारी तर पूर्ण बंडल संपवतो!" तंबाखू मळणारा म्हणतो, "मी विडी तर ओढत नाही ना?" दातांना मिश्री लावणारी आजी म्हणते, "मी कुठे तंबाखू खाते? मी फक्त दात घासते."

तिघेही एकच गोष्ट करतात. आपल्यापेक्षा वाईट सवय असलेला माणूस शोधतात आणि समाधान मानतात.

असे का होते? उंची पट्टीने मोजता येते, वजन काट्यावर कळते. पण सवय चांगली की वाईट, हे मोजायला घरात काटा नसतो. मग माणूस दुसऱ्याकडे पाहतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली हा विचार मांडला. पुढे 1980 साली नील वाइनस्टाइन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारले, "तुमच्यावर संकट येण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आहे की जास्त?" सरासरीने उत्तर आले, "कमी." आता विचार करा, प्रत्येकाचा धोका इतरांपेक्षा कमी कसा असेल?

आता मिश्रीकडे पाहू. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि तिची पूड करतात. हीच मिश्री. भाजल्याने तंबाखूतील विष जात नाही. हिरड्यांमधून निकोटीन रक्तात जाते आणि त्याची सवय लागते. म्हणून मिश्री लावणे म्हणजे नुसते दात घासणे नव्हे. मुंबईत स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. गरोदरपणी अशी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. त्या मातांपैकी बहुतेक जणी मिश्रीच लावत होत्या.

2016-17 च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील दर 100 प्रौढांपैकी सुमारे 4 जण धूम्रपान करतात, पण सुमारे 24 जण बिनधुराची तंबाखू वापरतात. म्हणजे "मी विडी ओढत नाही" हे समाधान पुष्कळ लोकांना मिळते, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.

मग तुलना करूच नये का? जरूर करावी, पण ती दोन प्रकारे. पहिली, स्वतःच्या कालच्या दिवसाशी. काल चार वेळा मिश्री लावली, तर आज तीन वेळा आणि पुढे मुळीच नाही. दुसरी, सवय सोडलेल्या माणसाशी. त्याला विचारावे, "तुम्हांला हे कसे जमले?"

तोंडात पांढरा किंवा लाल डाग दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही किंवा तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवावे. "शेजाऱ्यालाही असेच झाले होते, आपोआप बरे झाले," असे म्हणून थांबू नये.

घरातील मोठ्यांना हे अदबीने समजावून सांगा. शेजारी दहा विड्या ओढतो, म्हणून आपल्या चार विड्यांचे विष कमी होत नाही.