मोरचूद, चुना आणि डहाणूचा चिकू

चिकू पेटीत सडलेला दिसतो, पण पावसाळी मालाची सड बहुतेकदा झाडावरच सुरू झालेली असते. बेडणीने उतरवलेलं फळ टणक, निरोगी वाटतं. पेटीत गेल्यावर त्यावर पाणथळ तपकिरी डाग पडतो, मग पांढरी बुरशी येते. म्हणून डहाणू-घोलवडच्या वाड्यांत पावसाच्या तोंडावर कालवलं जाणारं निळं मिश्रण मला साठवणीचंच पहिलं काम वाटतं.  

ही सड आणणाऱ्या रोगजंतूचं नाव फायटोप्थोरा. १८४५ साली आयर्लंडमध्ये चांगले म्हणून खड्ड्यांत साठवलेले बटाटे ज्याने कुजवले, त्याचाच हा भाऊबंद. याला बुरशी म्हणतात खरं, पण कुळाने तो शेवाळांच्या जवळचा, आणि त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात चक्क पोहतात. जुन्या, दाट कालीपत्ती जातीच्या झाडात पाऊस मुरला की त्यांचं फावतं.

त्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे द्राक्षांसाठी पुढे आणलेलं हेच निळं मिश्रण आजही चालतं. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. प्रमाण सोपं, पण करणाऱ्याचा हात लागतो. मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या पिंपात वरच्या पाण्यात टांगायचं. तळाशी टाकलं तर लवकर विरघळत नाही. चुना वेगळ्या पिंपात विरवून, थंड करून गाळायचा. मोरचुदाचं पाणी त्यात हळूहळू, ढवळत ओतायचं. मग स्वच्छ लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पानं करपतील; अजून घालायचा. फवारणी त्याच दिवशी उरकायची.

रोग लागलेलं फळ याने बरं होत नाही. बीजाणू रुजण्याआधी मोरचुदातलं तांबं सालीवर हवं. चिकूला बारमाही फळं, झाडं उंच, पावसाची उघडीप जेमतेम, त्यामुळे वेळ साधणं हेच कठीण.

मला खरी काळजी वाटते ती खाली पडलेल्या फळांची. त्यांच्याकडे फार दुर्लक्ष होतं, आणि पावसाचे थेंब तिथूनच रोग खालच्या फांद्यांवर उडवतात. ती फळं वेचून खोल पुरावीत, लोंबत्या फांद्या छाटून ऊन आत घ्यावं, आणि मगच पंप खांद्यावर चढवावा.