फ्रोझन खाद्याचा क्यूब थेट फिश टँकमध्ये टाकताय? आधी हे वाचा

फ्रीझरमधून ब्लडवर्मचा लाल क्यूब काढला, टँकमध्ये टाकला, मासे तुटून पडले. काम झालं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गढूळ आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, असा अनुभव नव्याने मासे पाळणाऱ्या अनेकांना येतो. दोष फिल्टरला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा त्या क्यूबमध्ये असतं.

ब्लडवर्म म्हणजे नेमकं काय?

नावात 'वर्म' असलं तरी तो गांडुळाचा भाऊबंद नाही. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माशीची ती अळी. चिखलात प्राणवायू कमी असतो, तिथे तगण्यासाठी तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. म्हणून ती लाल.

जिवंत ट्यूबिफेक्स किडे घाण पाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत परजीवी आणू शकतात. त्या तुलनेत गोठवलेलं खाद्य सुरक्षित. मात्र गोठवल्याने बरेचसे परजीवी मरतात, जिवाणू मरतातच असं नाही. ते थंडीत नुसते थांबून राहतात.

क्यूब वितळवायचा कशाला?

'बर्फ खाऊन मासा मरतो' हे सर्रास सांगितलं जातं, पण मोठ्या टँकमध्ये क्यूब काही क्षणांतच विरघळतो. खरा प्रश्न रसाचा आहे. गोठताना बर्फाचे स्फटिक अळीच्या पेशी फोडतात. वितळल्यावर आतला प्रथिनयुक्त रस पाण्यात उतरतो. मासे तो खाऊ शकत नाहीत. तो कुजतो आणि अमोनिया तयार होतो. २०० लिटरच्या टँकमध्ये हे खपून जातं, २० लिटरच्या टँकमध्ये नाही.

उपाय सोपा आहे. कपभर टँकचंच पाणी घ्या, त्यात क्यूब पाच-दहा मिनिटं ठेवा आणि गाळणीतून गाळून घ्या. गाळलेलं पाणी कुंडीत ओता. गरम पाणी किंवा मायक्रोवेव्ह नको. आणि हो, गाळणी वेगळी ठेवा, चहाची नव्हे! ब्लडवर्मची काहींना ॲलर्जी असते, त्यामुळे हाताला खाज येत असेल तर हातमोजे घाला.

एका फायटरला तीन-चार अळ्या पुरतात. अख्खा क्यूब नको. दोन मिनिटांत जे संपत नाही, ते जास्तच होतं.

घरी बनवायचं तर?

सोललेली कोळंबी घ्या, पाठीतला काळा दोरा काढा. वाटाणे आणि पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून काढा. सगळं मिक्सरला लावा. मीठ, हळद, तेल काहीही नाही. मटण टाळलेलंच बरं. त्याची चरबी टँकच्या पाण्यात घट्टच राहते आणि माशांना पचायला जड जाते.

काही मासे आणि शिंपल्यांत थायामिनेज नावाचं विकर असतं. ते ब जीवनसत्त्वांपैकी बी-१ नष्ट करतं आणि गोठवूनही पूर्ण थांबत नाही. उष्णतेने मात्र ते निकामी होतं. त्यामुळे बाजारातला मासा किंवा शिंपले वापरायचे असतील तर आधी उकळत्या पाण्यातून काढा.

मिश्रण बांधून ठेवायला जिलेटिनपेक्षा चायना ग्रास चांगलं. डिस्कसचा टँक २८ ते ३० अंशांवर असतो, तिथे जिलेटिन मऊ पडून विरघळू लागतं. चायना ग्रास साधारण ८५ अंशांपर्यंत टिकतं. ते पाण्यात उकळा, किंचित निवू द्या, पण घट्ट होण्याआधी मिश्रणात ढवळा. झिप पिशवीत भरून पिशवी चपटी करा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड. पातळ थर लवकर गोठतो, पेशी कमी फुटतात आणि हवा तेवढा तुकडा सहज मोडता येतो. पिशवीवर तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांत संपवा.

शाकाहारी घरात फ्रीझरमध्ये कोळंबी ठेवण्यावरून वाद होणार असेल आणि टँकमध्ये गोल्डफिश असतील, तर नुसते उकडलेले, साल काढलेले वाटाणेही गोठवून ठेवता येतात. अर्थात तो जोडीचा खुराक, रोजचे दाणे बंद करू नका.

वीज गेली तर?

फ्रीझरचं दार उघडू नका. वीज आल्यावर खाद्य अजून दगडासारखं कडक असेल तर ठीक. पण क्यूबचा आकार बदललेला, तळाशी लाल पाणी साचून पुन्हा गोठलेलं दिसलं, तर पाकीट महाग असलं तरी टाकून द्या.