मिठाच्या पाण्याचा तलाव आणि क्लोरीनची पातळी

मिठाच्या पाण्याच्या जलतरण तलावात क्लोरीन नसतो, हा समज चुकीचा आहे. सॉल्ट क्लोरिनेटर हे क्लोरीन टाळणारे नव्हे, क्लोरीन तयार करणारे यंत्र आहे. तलावाच्या पाण्यात दर लिटरला साधारण 3 ग्रॅम मीठ विरघळवलेले असते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे 35 ग्रॅम असते, त्यामुळे तलावाचे पाणी तोंडात गेले तरी खारटपणा जेमतेम जाणवतो. पंपाने ओढलेले पाणी फिल्टरमधून गेल्यावर यंत्राच्या सेलमध्ये येते. तिथे टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. त्यांतून कमी व्होल्टेजचा डीसी प्रवाह सोडला की एका पट्टीवर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि समोरच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. क्लोरीन पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मरतात ते त्यानेच. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हाही पाण्यात हेच आम्ल तयार होते. काम झाल्यावर क्लोरीन पुन्हा क्लोराइड होतो, म्हणून मीठ खर्च होत नाही. ते कमी होते ते बॅकवॉशमध्ये, गळतीत आणि अंगाबरोबर बाहेर जाणाऱ्या पाण्यात.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो. यंत्रावर 50 टक्के असा आकडा लावला की तलावातील क्लोरीन आपोआप योग्य पातळीवर राहतो, असे मानले जाते. बहुतेक घरगुती यंत्रे क्लोरीन मोजतच नाहीत. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि प्रवाह एवढेच त्यांना कळते. 50 टक्के म्हणजे पंप चालू असण्याच्या वेळेपैकी निम्मा वेळ सेलमध्ये वीज जाते, त्याहून अधिक काही नाही. यंत्र फक्त उत्पादनाचा वेग ठरवते. पाण्यात शिल्लक किती राहणार, हे उत्पादन आणि खर्च यांच्या फरकावर अवलंबून असते.

हा फरक हिशेबात मांडला की नीट दिसतो. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात 75,000 लिटर पाणी मावते. त्यात लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायचा तर 75 ग्रॅम क्लोरीन लागतो. यंत्र ताशी 20 ग्रॅम देणारे असेल, पंप रोज 8 तास चालत असेल आणि आकडा 50 टक्क्यांवर असेल, तर दिवसाला 80 ग्रॅम मिळतात, म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅमहून किंचित जास्त. थंडीत तेवढे पुरेल. उन्हाळ्यात रोजचा खर्च लिटरला 3 मिलिग्रॅमवर गेला, तर 225 ग्रॅम लागतील. मग आकडा 100 टक्क्यांवर नेऊनही पंप सव्वाअकरा तास चालवावा लागेल. वीज गेली तर पंप आणि सेल दोन्ही थांबतात आणि त्या तासांचे उत्पादन शून्य होते. क्लोरीन मात्र उडतच राहतो.

जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. उघड्या तलावात क्लोरीनचा मोठा शत्रू मात्र उष्णता नसून सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आहेत. संरक्षण नसेल तर भर उन्हात बहुतांश क्लोरीन दोन-तीन तासांत नष्ट होतो. त्यावर उपाय म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल घालतात. बाजारात ते स्टॅबिलायझर या नावाने मिळते. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवते आणि किरणांपासून वाचवते. याचा अर्थ ते जितके जास्त तितके चांगले, असा नाही. धरून ठेवलेला क्लोरीन जंतूंवर सावकाश काम करतो. म्हणून सायन्युरिक आम्ल वाढले की क्लोरीनही त्या प्रमाणात जास्त ठेवावा लागतो. छताखालच्या तलावात त्याची गरज नसते.

क्लोरीन कमी पडला की मीठ वाढवायचे, हीही एक चुकीची सवय. मीठ यंत्राने सांगितलेल्या मर्यादेत असेल तर आणखी पोते ओतून उत्पादन वाढत नाही. फार मीठ झाले तर यंत्र बंद पडते आणि फार कमी असेल तर पट्ट्यांवरचा लेप लवकर झिजतो. मीठही शुद्ध आणि बिनआयोडीनचे लागते. स्वस्त खडेमिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते थेट पट्ट्यांवर बसतात.

खानदेशात खरी डोकेदुखी याच क्षारांची आहे. शेतघरांवरचे तलाव बहुधा बोअरच्या पाण्याने भरतात. वरच्याच तलावातून उन्हाळ्यात रोज 10 मिलिमीटर पाणी उडाले, तर ते 500 लिटर होते, महिन्याला 15,000 लिटर. उडते ते फक्त पाणी. क्षार आणि मीठ मागेच राहतात. भर घालायला वापरलेल्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅम असेल, तर महिन्याभरात तलावाचा कठीणपणा लिटरला 100 मिलिग्रॅमने वाढतो. हायड्रोजन सुटणाऱ्या पट्टीजवळ पाण्याचा सामू फार चढतो आणि तिथेच पांढरी पुटे धरतात. चांगली यंत्रे ठरावीक वेळाने प्रवाहाची दिशा उलटी करून ही पुटे सोडवतात, तरीही सेल उघडून पाहावाच लागतो. पट्ट्यांमधली फट भरली की यंत्रावरचा दिवा हिरवाच दिसतो आणि क्लोरीन मात्र घटलेला असतो.

यंत्र बसवल्यावर दुसरे रसायन लागत नाही, हेही खरे नाही. हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात, त्यामुळे सामू सतत वर सरकतो. साध्या पाण्यात सामू 7.5 असताना निम्म्याच्या आसपास क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. 8 वर तो पाव भागापर्यंत उतरतो. म्हणजे क्लोरीनचा आकडा तोच राहतो, पण त्याची धार निम्मी होते. सामू 7.2 ते 7.8 दरम्यान राहावा म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे घालावेच लागते.

तपासणीतही फसगत होते. पिण्याच्या पाण्यासाठी गावोगाव वापरली जाणारी ओटी टेस्ट पिवळा रंग दाखवते, पण त्या रंगात मुक्त क्लोरीनबरोबर घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जोडला गेलेला क्लोरीनही येतो. हा जोडलेला क्लोरीन जंतूंना फारसा मारत नाही, डोळे मात्र झोंबवतो. तलावावर येणारा उग्र वास बहुतेकदा त्याचाच असतो. वास आला म्हणून क्लोरीन कमी करणे म्हणजे उलटा उपचार. तलावासाठी दोन्ही प्रकार वेगळे दाखवणारी डीपीडी चाचणी हवी. मुक्त क्लोरीन लिटरला किमान 1 मिलिग्रॅम आणि सायन्युरिक आम्ल घातले असल्यास किमान 2 मिलिग्रॅम असावा.

स्पा हा छोटा तलाव असतो, असे समजून तीच मात्रा वापरणे धोक्याचे आहे. 1,500 लिटरच्या स्पामध्ये चार जण बसले, तर पाण्याच्या मानाने ती गर्दी 75,000 लिटरच्या तलावात 200 जण उतरल्याएवढी होते. 38 ते 40 अंशांच्या पाण्यात घाम भरपूर सुटतो आणि क्लोरीन झपाट्याने खर्ची पडतो. लिजिओनेलासारखे जंतू अशा उबेत जोमाने वाढतात. म्हणून तिथे किमान 3 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन लागतो आणि सायन्युरिक आम्ल टाळायचे असते. चोपडा तालुक्यातील उनपदेवच्या गरम झऱ्याशी केलेली तुलना इथे लागू पडत नाही. तिथे जमिनीतून नवे पाणी येत राहते, स्पामध्ये तेच पाणी फिरत राहते.

शेवटचा समज पाणी सोडून देण्याबाबतचा. मीठ थोडेच आहे, तेव्हा बॅकवॉशचे पाणी बागेला दिले तर काय बिघडते, असे वाटू शकते. माणसाच्या जिभेला जेमतेम जाणवणारे हे पाणी केळीला जड जाते. केळी हे क्षारांना लवकर बळी पडणारे पीक आहे आणि रावेर-यावल पट्ट्याचा संसार त्यावरच उभा आहे. शिवाय मिठातला सोडियम काळ्या जमिनीची कणरचना मोडतो, त्यामुळे पाणी मुरणे मंदावते. शहरात हे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जाते. शेतावर विहीर आणि बाग दोन्ही सोडून, शेततळ्याला अंथरतात तसला प्लास्टिक कागद घातलेला उथळ खड्डा त्यासाठी ठेवता येतो. उन्हाळ्यात त्यातले पाणी उडून जाते आणि तळाशी उरलेले मीठ पावसाळ्यापूर्वी उचलता येते.